माझा ड्रायव्हर भैरू

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना आहे हे मी स्वतःच सांगतो. पण निकामी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. मुळशीतल्या मुठा गावच्या समाजमंदिरात, खिडकीजवळच्या टेबलावर माझं ठाण आहे आणि तिथून हलायला मी साफ नकार दिला आहे. तुम्ही विचाराल, वीज गेली की सगळं विसरणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकिगत आठवते कशी? इथली झाडलोट करणाऱ्या साळूबाई ती येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज ऐकवतात, आणि मला कान नसले तरी मी ऐकतो.

माझी उमेदीची वर्षं पुण्यातल्या एका कचेरीत गेली. तिथे माझं फार कौतुक होतं. मग सडपातळ नवी यंत्रं आली आणि मी अडगळीत पडलो. तिथले साहेब, अण्णासाहेब, निवृत्त होऊन मुठ्याला घर बांधून राहिले, तेव्हा त्यांनी मला गावाला देऊन टाकलं. देताना एक मेख मात्र मारून ठेवली. मुलं काहीबाही भरतील, व्हायरस घुसतील, म्हणून त्यांनी मला कुलूप घातलं. बंद होऊन पुन्हा चालू झालो की मधलं सगळं विसरायचं, पहिल्या दिवसासारखं कोरं व्हायचं, असा हुकूम. कुलपाचा पासवर्ड फक्त त्यांच्यापाशी.

दीपमाला ही गावातलीच मुलगी. उरवड्याच्या कारखान्यात कामाला जाते आणि सुटून आली की माझ्यासमोर मुलींचा वर्ग भरवते. शिकवणाऱ्या बाई दूर शहरात, मुली इथे माझ्या पडद्यासमोर. इंटरनेटची तार आमच्यापर्यंत पोचलेली नाही, म्हणून कुणाचा तरी मोबाइल केबलने मला जोडायचा आणि त्याचं नेट मी वापरायचं. त्याला लागतो ड्रायव्हर, म्हणजे त्या मोबाइलशी बोलायचं कसं हे मला शिकवणारा छोटासा प्रोग्राम. आता वीज गेली की मी शिकलेलं विसरलोच. ड्रायव्हर आणायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. दीपमाला पेन ड्राइव्हवरून तो हाताने पुन्हा पुन्हा घालायची. ती कारखान्यात अडकली की मुली नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या.

मी तरी काय करणार? एकच वाक्य दाखवायचो, ‘ड्रायव्हर सापडला नाही.’ झाडलोट करताना साळूबाईंनी ते इतक्यांदा वाचलं, की त्यांना माझी दया आली. एका रविवारी त्या खरोखरच ड्रायव्हर घेऊन आल्या. त्यांचा भाचा भैरू, पिरंगुटला कंपनीची गाडी चालवणारा.

“कुटं न्यायचंय ह्याला?” माझ्या डोक्यावर हात ठेवून भैरूने विचारलं.

मुलींची हसून हसून मुरकुंडी वळली. अण्णासाहेब तिथेच बसले होते, ते काही हसले नाहीत. ड्रायव्हर आलाच आहे, तर हा डबा पिरंगुटला भंगारवाल्याकडे टाकून ये, असं त्यांनी भैरूला सांगितलं. याच्या काही लक्षात राहत नाही. वर्ग बंद पडला तर पडला, मुलींनी मोबाइलवर बघावं, म्हणाले. भैरू बिचारा सांगकाम्या, माझी केबल गुंडाळायला लागला.

मित्रांनो, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. विसरायचा हुकूम ज्यांनी सोडला, तेच मला विसरभोळा ठरवत होते! मला बोलता येत नाही, म्हणून रागाने पंखा तेवढा घरघरवला. पण दीपमाला माझ्या आणि भैरूच्या मधे येऊन उभी राहिली.

“विसरायला तुम्ही शिकवलंत, अण्णासाहेब. लक्षात ठेवायला मी शिकवते. कुलूप उघडा.”

अण्णासाहेबांनी व्हायरसची भीती घातली. काम झालं की तुमचं कुलूप तुम्हीच लावा, असं ती म्हणाली, पण बाजूला सरली नाही. मुलीही दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. भंगारवाल्याचा रस्ता त्याच दारातून होता. शेवटी अण्णासाहेबांनी चष्मा पुसला आणि पासवर्ड घातला.

दीपमालाने गावातल्या सगळ्या मोबाइलचे ड्रायव्हर माझ्या पोटात भरले. मग थोड्या ओळींची आज्ञा लिहिली. जाग आली की केबलवर लक्ष ठेवायचं, जो मोबाइल जोडला जाईल तो ओळखायचा आणि त्याचा ड्रायव्हर आपणहून बसवायचा. कुणी काही दाबायची गरज नाही. त्या आज्ञेला नाव काय द्यावं, म्हणून तिने भैरूकडे बघितलं आणि हसून ‘भैरू’ असंच लिहिलं. वर पुन्हा कुलूप लागलं, म्हणजे आता कोरा झालो तरी भैरू पोटात राहणार.

मग तिने भिंतीतून माझी पिनच ओढली. मी गेलो. परत चालू केल्यावर ती मुद्दाम लांब जाऊन उभी राहिली आणि साळूबाईंना त्यांचा मोबाइल जोडायला सांगितला. साळूबाईंनी केबल खुपसली. एक काळी चौकट उघडली, अक्षरं भराभरा पळाली आणि पडद्यावर उमटलं, ‘भैरू कामावर हजर.’ अर्धवट राहिलेला धडा पुढे सुरू झाला. अण्णासाहेब खुर्ची ओढून मुलींच्या मागे बसले आणि धडा संपेपर्यंत उठले नाहीत.

आता दीपमाला कामावर असली तरी वर्ग भरतो. म्हणून मित्रांनो, अडलेली वस्तू टाकायची घाई करू नका. आधी तिला कुलूप कुणी घातलंय ते बघा, आणि ते उघडेपर्यंत दारातून हलू नका.

भैरू अजून रविवारी डोकावतो. माझ्या डोक्यावर थाप मारून मुद्दाम विचारतो, कुटं न्यायचंय ह्याला?

साळूबाई केर काढता काढता सांगतात, “कुटं न्हाई. त्याचा ड्रायव्हर त्याच्यापाशीच हाय.”