चिंध्यांच्या टोपलीतलं बाळंतघर

मी एक वेताची टोपली. शिंप्याच्या दुकानात, कापायच्या टेबलाखाली माझा मुक्काम. वरून पडतील त्या चिंध्या पोटात घ्यायच्या आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. पण माझ्या नशिबात बाळंतपणं लिहिली होती, तीही दुसऱ्याची.

गुंडी ही दुकानाची कुत्री. तपकिरी, आखूड पायांची, स्वभावाने गरीब. पहिल्यांदा तिचं पोट दिसायला लागलं तेव्हा शिंपीकाका हरखले. एकदा तरी आई व्हावं बिचारीने, असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले. गुंडीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. तिने माझ्यातल्या मखमलीच्या चिंध्या उकरल्या, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि तिथेच व्याली.

पिल्लं गोजिरवाणी होती, नाही म्हणत नाही. डोळे मिटलेले असतात तोवर सगळीच बाळं शहाणी वाटतात. डोळे उघडल्यावर त्यांनी एका नवरदेवाच्या कोटाची बाही फस्त केली.

मग काकांनी पिल्लं वाटायला काढली. कपडे न्यायला येईल त्याच्या पिशवीत शर्ट आणि शर्टावर पिल्लू. पहिली खेप अशी खपली. दुसऱ्या खेपेला गिऱ्हाइकं सावध झाली. रस्त्याच्या पलीकडूनच पायजमा झाला का विचारायची आणि काका माझ्याकडे वाकले की काढता पाय घ्यायची. एक मास्तर तर जुन्याच पँटवर दिवस काढत राहिले, पण दुकानाची पायरी चढले नाहीत.

पिल्लांचा बाप कोण, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. समोरच्या सायकलवाल्याचा कुत्रा. तोच रुबाब, तेच वाकडे कान. शिंपीकाकूंनी विषय काढला की सायकलवाला हाताचं वंगण पुसत म्हणायचा, "माझा नर आहे, वहिनी. माझ्याकडे कुठे पिल्लं होतात?"

काकू म्हणाल्या, गुंडीचं ऑपरेशन करून टाकू. आयुष्यभर कात्री चालवलेला माणूस, पण गुंडीच्या पोटाला कात्री लागणार म्हटल्यावर काकांना बसायला खुर्ची लागली. मग त्यांनी आपल्या धंद्याला शोभेलसा तोडगा काढला. गुंडीला टेबलावर उभी करून मापं घेतली, शेपटीला जागा सोडली आणि जाड कापडाची, नाडीची चड्डी शिवली. फिटिंग उत्तम होतं, मी स्वतः पाहिलंय. पुढे एका दुपारी ती चड्डी समोर सायकलच्या हँडलला लटकलेली सापडली, नाडीची गाठ जशीच्या तशी. गुंडी मागाहून सावकाश घरी आली. चेहऱ्यावर कमालीचं समाधान होतं.

इथवर हसलात तर हरकत नाही. पुढचं हसण्यासारखं नाही.

या वेळी गुंडी अडली. सकाळपासून कळा देत होती, पण पिल्लू काही येईना. तिचं कण्हणंही थांबलं तेव्हा काकांनी तिच्यासकट मला उचललं आणि गळ्यातली मापाची फीत तशीच लोंबत ठेवून दवाखान्याकडे धावत सुटले. मी फार घाबरले होते. माझी काडी न् काडी करकरत होती.

डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून पिल्लू काढलं. एकच होतं, आणि ते गेलेलं होतं. गुंडी थोडक्यात वाचली. काकांना विचारून बाईंनी तिचं गर्भाशयही काढून टाकलं. काकांनी रडत रडत चड्डीची सगळी हकिकत सांगितली. बाई हसल्या नाहीत. "तुमच्या शिवणीत दोष नाही, काका. पण हा बंदोबस्त बाहेरून होत नाही," एवढंच म्हणाल्या. वेळेवर आणली असती तर साधं काम होतं, तिचा जीव असा टांगणीला लागला नसता, हेही त्यांनी सांगितलं. काकांनी मान खाली घातली. मग गुंडीचे टाके निरखून पाहिले आणि टाका एकसारखा पडलाय, असा दाखला दिला.

पिल्लू टॉवेलात गुंडाळून माझ्यातच ठेवलं. घरी आल्यावर सायकलवाला चौकशीला आला. काकूंनी टॉवेल उघडून दाखवला. वाकडे कान.

"भावजी, हे तुमच्या घरचं," त्या शांतपणे म्हणाल्या.

खड्डा सायकलवाल्यानेच खणला. पुढच्या आठवड्यात त्याचा कुत्रा माझ्यातच बसून दवाखान्यात गेला आणि नसबंदी करून त्याच दिवशी परत आला.

आता मी म्हातारी झालेय, एक कडी तुटलीय. तरी गल्लीतलं कुठलंही कुत्रं ऑपरेशनला न्यायचं असलं की बोलावणं मलाच येतं. जाताना मालक रडवेला असतो, येताना कुत्रं झिंगलेलं. तुमच्याकडे कुणी असेल तर वेळेवर आणा, नर असो की मादी. कितीही लठ्ठ असलं तरी मी नेईन. ते पिल्लू मूठभर होतं, पण तेवढं एकच ओझं मला पेललं नाही.