मेलेला काका आणि माझी बांधी

आमच्या बाईंनी वर्गात मागच्या शतकातली एक कादंबरी वाचून दाखवली. अनाथ नायिका पानंच्या पानं शिवणकाम करते, कुणापुढं हात पसरत नाही. मी तर तिच्यावर फिदाच! आणि शेवटी? कुठला तरी काका मरतो, इस्टेट हिच्या नावावर, सुई कोपऱ्यात! मी उठून म्हणाले, "बाई, लेखक दमला वाटतं."

त्याच तावात घरी येऊन बाबांना सांगितलं, "मी गोंदियाच्या हायस्कुलात जाणार. वसतिगृहात माझं मी सगळं करीन."

बाबा, म्हणजे गावचे मालगुजार, मोठे जमीनदार पुनाराम, खो खो हसले. "तू? पाण्याचा गिलास तरी हातानं घेतं का वं? धानाची एक बांधी एकटीनं रोवून दाखव. मंग जाय."

दुसऱ्या दिवशी लुगडं खोचून तलावाखालच्या बांधीत, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यात, चिखलात उतरले. मुठीत रोपं, मान ताठ. शेजारच्या बांधीतून आमची मजूर शांतीबाई ओरडली, "रुख्माबाई, रोवून राहिली का तुडवून राहिली वं?"

वळून पाहिलं. बाकी सगळ्या मागं सरकत रोवत होत्या. मी ऐटीत पुढं चाललेली, आणि माझीच रोपं माझ्याच पायाखाली!

पुन्हा सुरुवात, उलटी. जेवणापर्यंत एक कोपरा झाला. जेवून परत येते तर काय, अख्खी बांधी हिरवीगार, ओळी सुतासारख्या! बांधावर यशोदाकाकी पान चघळत उभी.

"काकी, हे कोणी केलं?"

"मीनं दोघीजणी कामाले लावल्या. मालगुजाराची पोरगी चिखलात, लोक काय म्हणतीन? चूप राह्य, तुहे बाबा येऊन राहिले."

कादंबरीतला मेलेला काका! आमच्या शेतात, पान खात, काकीच्या रूपात!

बाबांनी डोळे विस्फारले. "रुख्मा, सारी तूच रोवली?"

नुसतं 'हो' म्हटलं की गोंदिया. माझी जीभ वळवळली सुद्धा.

"नाही. तो वाकडा कोपरा तेवढा माझा. पलीकडची बांधी द्या मला."

काकीनं कपाळावर हात मारला. पलीकडची बांधी दुप्पट मोठी निघाली, हे मला उतरल्यावर कळलं! चौथ्या दिवशी दिवस मावळता ती पुरी झाली. कंबर उरली नव्हती.

बाबांनी बांधावरून ओळींवर नजर फिरवली. "ह्या ओळी आहेत का साप?"

"साप असले तरी माझे आहेत."

"हं," म्हणाले, आणि घराकडं तोंड करून हाक दिली, "हिची पेटी काढा!"

गोंदियाहून दिवाळीच्या सुट्टीत आले तर माझे साप पिवळे होऊन डुलत होते. बांधी नेमकी रस्त्यालगत. जाणारा येणारा बैलगाडी थांबवून विचारतो, कोणी रोवली म्हणून. काकी सांगते, "परगावच्या मजुरांनी."

बाबा सांगतात, "माह्या पोरीनं."