माझा बत्ता खालच्या फळीवर आहे

मित्रांनो, मी एक जुना खल आहे. पांढऱ्या चिनी मातीचा, काठाचा टवका उडालेला आणि सध्या भयंकर संतापलेला. एरवी आम्हा खलांना राग येत नाही. आयुष्यभर पोटात रगडा सोसणाऱ्याला तो परवडतही नाही. पण तीन वर्षे मी औषधशास्त्र महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात, काचेच्या कपाटात बसून आहे. समोर जे चालते ते पाहून दगडाच्याही तोंडाला फेस येईल. मी तर माती आहे.

जन्मलो तेव्हा मी एकटा नव्हतो. सोबत माझा बत्ता होता. मूठ लाकडाची, डोके चिनी मातीचे. कारागिराने आम्हाला एकमेकांवर घासून घासून बसवले होते. त्याच्या डोक्याचा गोलावा तोच माझ्या पोटाचा खोलावा. मध्ये औषधाचा कण दडून राहील एवढीही फट नाही.

आम्ही एका औषधाच्या दुकानात नांदलो. दुकान एका फार्मासिस्ट बाईंचे. त्यांची भाची अकरा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की दुकानात यायची. दिसेल ते मोजायची: चमचे, झाकणे, गिऱ्हाइकांच्या शिंका. म्हणून आत्याने तिचे नावच ठेवले, ‘मापाडी’.

“आत्या, मलम मी घोटू?”

“आधी वर्षभर खडू घोट. माणसाच्या अंगाला लागणारं औषध आहे ते, तुझा चिखल नाही.”

पोरीने खरोखर वर्षभर खडू घोटला. मग आत्याने तिला रीत शिकवली. औषधाची पूड चिमूटभर, मलम मूठभर. सगळे एकदम ओतायचे नाही. पुडीएवढेच मलम आधी घ्यायचे, ते एकजीव झाले की पुन्हा तेवढेच, असे वाढवत जायचे. प्रत्येक डबी आत्या स्वतः तपासायची आणि नाक मुरडून म्हणायची, “ठीक आहे.” तिच्या तोंडून ही फार मोठी शाबासकी होती. काम झाले की मापाडी बत्ता माझ्या काठावर दोनदा हळूच टेकवायची. टक्, टक्. चिकटलेली पूड खाली पडायची. तो आवाज मला अजून आठवतो.

पुढे सगळी मलमे तयार येऊ लागली. महाविद्यालयाने जुनी अवजारे मागितली, आत्याने आम्हाला देऊन टाकले. इथल्या ज्येष्ठ सरांनी स्वहस्ते कपाट लावले आणि माझा बत्ता खालच्या फळीवरच्या पितळी खलात टाकला. माझ्या पोटात आला कुठलासा काचेचा, कारण तो जास्त चमकतो! खाली पाटी लावली: ‘खल व बत्ता. हात लावू नये.’ लावणार कोण म्हणा!

यंदा मापाडी अर्ज घेऊन आली. रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, गणित आहे. गुण आहेत. लसी टोचल्याचा दाखला आहे. ‘मला फार्मासिस्ट का व्हायचे आहे’ यावर पाचशे शब्दांचा निबंध आहे; तिने शब्द मोजले असणार याबद्दल मला शंका नाही. शेवटी औषधाच्या दुकानात किमान शंभर तास घालवल्याचे प्रमाणपत्र. कारकून तिथे अडला.

“सही कुणाची?”

“आत्याची. तीच फार्मासिस्ट आहे. सात वर्षं तिच्याकडे...”

“नातेवाईक चालत नाही.”

“अहो, पण मी काम केलंय.”

“ताई, नातेवाइकाकडे सात वर्षं म्हणजे आमच्याकडे शून्य तास. वीस दिवस आहेत. परक्याचं आणा, नाहीतर अर्ज बाद.”

मित्रांनो, मी ओरडलो असतो. साक्षीदार तुमच्या पाठीमागे चार हातांवर बसलाय, म्हणालो असतो. पण नियमाला तोंड असते आणि खलाला नसते. असते ते सतत आ वासलेले, त्याचा उपयोग नाही.

अठराव्या दिवशी ती परक्या सहीचा कागद घेऊन आली. कारकुनाने शिक्का मारला आणि पुढच्याच आठवड्यात, याच खोलीत, मुलाखत झाली. लांब टेबलामागे ज्येष्ठ सर आणि नव्याने आलेल्या एक मॅडम.

“शंभर तासांत काय शिकलात?” सरांनी विचारले.

“स्टुलावर बसायला, सर.”

“म्हणजे?”

“ते म्हणाले, बघायचं, हात लावायचा नाही. मी बघितलं. पंख्याला तीन पाती आहेत.”

मॅडमनी हसू गिळले. “आणि त्याआधी काही केलंय का?”

“केलंय. पण ते मोजत नाहीत ना, मॅडम.”

“मी मोजते. सांग.”

मापाडी बोलायला लागली आणि बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली. ती थबकली. उठली. नाक काचेला टेकेपर्यंत जवळ आली.

“हा आमचा खल आहे! पण हा बत्ता याचा नाही.”

“यादीत हीच जोडी आहे,” सर म्हणाले.

“असेल, सर. पण याचं डोकं चपटं आहे, तळाला पोचणारच नाही. औषध खाली तसंच राहील, कुणाला कमी जाईल, कुणाला जास्त. याचा बत्ता तो बघा, खालच्या फळीवर.”

मॅडमनी किल्ली मागवली आणि तो काचेचा दांडा माझ्या पोटात फिरवून पाहिला. खळ्, खळ्, खळ्. तळाला तो टेकलाच नाही. त्या सरांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “तीन वर्षांत तीनशे मुलं या कपाटासमोर बसून पास झाली, सर. आणि आपण दोघं रोज इथं चहा पितो.”

सरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

मापाडीला प्रवेश मिळाला. आनंद आहे. पण तिच्या कागदांत अनुभवाच्या रकान्यात काय लिहिले आहे, ठाऊक आहे? ‘शंभर तास.’ ते स्टुलावरचे! सात वर्षे कुठेच नाहीत. आणि माझा बत्ता अजून खालीच आहे, कारण यादी दुरुस्त करायला अर्ज लागतो. मापाडीने तो पहिल्याच दिवशी दिला. कारकुनाने विचारले, “या खलाशी तुमचं नातं काय?”

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, टेबलाच्या त्या बाजूला बसाल. नियम जरूर ठेवा. औषधाच्या धंद्यात ते हवेतच. पण समोरच्याच्या कागदांवर शिक्का मारण्याआधी एकदा त्याला कामाला लावून पाहा. तेवढी मेहरबानी करा. आम्ही जुनी अवजारे कपाटात धूळ खाऊ, तक्रार नाही. पण शिकलेल्या हातांना धूळ खायला लावू नका.

रोज सकाळी वर्गात जाताना मापाडी या खोलीत डोकावते. पाटीवर ‘हात लावू नये’ असे लिहिलेले आहे. ती इकडेतिकडे बघते आणि बोटाने काचेवर वाजवते.

टक्, टक्.