पट्टी असेल तरच थेंब

राजाभाऊंचं नाव काढलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एअरफोर्समधून निवृत्त, मूळचे साताऱ्याचे, आणि पिंजौरच्या आमच्या मोफत नेत्र दवाखान्याचे सर्वेसर्वा. मी देवयानी, डोळ्यांची डॉक्टर. माहेर कोल्हापूर, त्यामुळे आवाज मोठा. दर रविवारी चंडीगडहून तिथं पेशंट तपासायला जाते.

तिथं माझा एकच नियम. बाहुली मोठी करायचा थेंब कुणाला घालायचा ते मी ठरवणार. ज्याला घालायचा त्याच्या कपाळावर, त्याच डोळ्याच्या वर, मी माझ्या हातानं पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावते. पट्टी असेल तरच थेंब. नसेल तर हात लावायचा नाही. कारण काही जणांच्या डोळ्यात आतलं पाणी वाहून जायची वाट अरुंद असते. त्यांना हा थेंब पडला की ती वाट बंद होते, दाब चढतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

सरलाजींचा डोळा तसाच होता. बाई पिंजौरच्याच, एकट्या राहतात, शाळेत मुलांचं जेवण रांधतात. उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेलेला. सगळी भिस्त डाव्यावर. त्यात लेसरनं पाण्याला नवी वाट करून द्यायची, हे चंडीगडच्या हॉस्पिटलात येत्या मंगळवारी ठरलं होतं. त्या रविवारी त्या नुसता दाब मोजून घ्यायला आल्या होत्या. म्हणून त्यांचं कपाळ मोकळं.

मधुरिमा म्हणजे राजाभाऊंच्या पुतणीची मुलगी. जन्म लंडनचा, पुढं डॉक्टर व्हायचंय, म्हणून कॉलेजतर्फे परदेशात सेवा करायला आलेली. पोरगी कामाला चांगली, खोटं कशाला बोलू? मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. थेंब घालायला मीच शिकवलं होतं तिला.

दुपारी आत तपासत होते तर बाहेर आरडाओरडा. जाऊन बघते तर सरलाजी भिंतीला डोकं टेकून ओकतायत. "सर फट रहा है, डॉक्टरजी." टॉर्च मारला. डोळा लालभडक, बुबुळावर धुरकट झाक, बाहुली मोठी. आणि कपाळावर पट्टी!

"ही कुणी लावली?" मी ओरडले.

"अहो ताई, हळू," राजाभाऊ पुढं आले. "फोटोसाठी काढल्या होत्या सगळ्यांच्या. मधुरिमाच्या कॉलेजचा नियम आहे म्हणे, पेशंटच्या अंगावर खुणा दिसता कामा नयेत. माणसाचा मान राहत नाही. फोटो झाल्यावर मी परत लावल्या की."

"कोणत्या कोणाच्या, कसं कळलं तुम्हाला?"

"रांगेत सगळ्यांनाच होत्या ना. काढतानाच बघितलं, ह्यांचंच कपाळ रिकामं. म्हटलं, पडली असेल कुठंतरी."

घ्या! परेडला उभ्या केलेल्या पोरांसारखं सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. आणि मधुरिमानं पट्टी बघितली आणि थेंब घातला. मी शिकवलं होतं तस्संच.

दाब उतरवायचं होतं नव्हतं ते औषध दिलं, सलाईन लावलं आणि गाडीत घालून थेट हॉस्पिटल गाठलं. वाटभर बाई माझा हात धरून एकच विचारत होत्या, "बच जाएगी ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लेसर झालं. दुखणं थांबलं. नजर मात्र परत आली ती इतकीच, की खिडकी कुठं आहे ते कळतं आणि समोर कुणीतरी उभं आहे ते कळतं. कोण ते कळत नाही. शाळेतली चूल संपली.

राजाभाऊ मधुरिमाला घेऊन आले, हातात फळांची पिशवी. सरलाजींच्या कॉटशीच उभं राहून मराठीत मला समजावायला लागले. त्यांना वाटलं, बाईंना काय कळतंय.

"ताई, आजारच वाढला असं सांगू या. होणारच होतं ना आज ना उद्या? पोरीचं आख्खं आयुष्य पुढं आहे. आणि बोभाटा झाला तर दवाखाना बंद पडेल. एवढ्या गरिबांनी जायचं कुठं?"

"होणारच होतं?" माझा तोल सुटला. "मंगळवारी लेसर होतं तिचं! गरिबांची ढाल करता? लाज नाही वाटत? मान राहावा म्हणून पट्ट्या काढल्यात आणि बाईचा डोळा घेतलात, राजाभाऊ!"

वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. मी कॉटवर बसले आणि सरलाजींना हिंदीत सगळं सांगितलं. फोटो, पट्टी, थेंब, काहीएक लपवलं नाही. मधुरिमा हुंदके देत नुसती "सॉरी, आँटी" म्हणत राहिली.

सरलाजी म्हणाल्या, "मैंने तो साहबजी से कहा था, मेरी पट्टी नहीं थी. बोले, बैठिए माताजी."

मी राजाभाऊंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणजे खरं होतं.

"चला!" मी ताडकन उठले. "तक्रार करायची. आत्ताच्या आत्ता. मी साक्ष देते. तुम्ही घाबरू नका, सरलाजी, सोडायचं नाही ह्यांना. ओरडून सांगा सगळ्यांना!"

त्यांनी चाचपडत माझा पदर धरला आणि मला खाली बसवलं.

"आपने चिल्ला लिया, डॉक्टरजी. आपका मन हल्का हो गया. मैं किस पर चिल्लाऊँ? ये बच्ची घर चली जाएगी. आपके लिए दस अस्पताल हैं. मेरी आँख की दवा तो इन्हीं के यहाँ से आती है."

ज्या आवाजाची मला एवढी घमेंड, तो त्यांच्या काही कामाचा नव्हता.

मग सरलाजींनी दोन्ही हात जोडले. राजाभाऊ एव्हाना दाराशी जाऊन उभे होते. पण भिंतीकडं तोंड करून त्या म्हणाल्या, "साहबजी, इतवार को खुला रहेगा ना?"