दर मिनिटाला दोन सेकंद

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. चावी देऊन चालणारं, मुठीत मावणारं. माझ्या वयाच्या वस्तू आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. मला मात्र अशी गोष्ट सांगायची आहे, जी सांगताना आजही माझी मान खाली जाते.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. खिडकीकडे तोंड करून बसलेल्या बायका डोळ्याला भिंग लावून माझी चाकं बसवत होत्या. केसाहून बारीक स्प्रिंग बसवताना एकीने तर श्वासच रोखून धरला होता. नंतर मला उलटं, आडवं, उभं ठेवून तपासलं. अर्ध्या तासात सेकंदाच्या पाचव्या भागाचाही फरक पडला नाही, तेव्हा कुठे मला डबीत घातलं.

मला विकत घेतलं ते मामांनी. मामा एका कारखान्यात लेथवर काम करायचे. लोखंडाचा दांडा केसभर जाड झाला तरी त्यांच्या बोटांना कळायचं. मोजमाप हाच त्यांचा अभिमान होता. "अंदाज सांगू नका, माप सांगा," असं ते घरीदारी सगळ्यांना ऐकवायचे. भाजीवालासुद्धा त्यांना बघून तराजू पुसून घ्यायचा.

त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी सायकल चालवायची. पाय इतके भरभर फिरवायची की सायकल क्लबात तिला सगळे भिंगरीच म्हणत. मामा तिचे शिक्षक झाले आणि मी मामांचं घड्याळ. गावाबाहेर पाण्याची एक उंच टाकी होती. तिथपर्यंतचा चढ हे भिंगरीचं रोजचं मैदान. खाली मामा मला दाबायचे, मग स्कूटरवरून तिच्या मागे जायचे आणि टाकीच्या फाटकाशी पुन्हा दाबायचे. पहिल्या वर्षी तिला तो चढ चढायला सोळा मिनिटं लागली. पाचव्या वर्षी अकरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

त्या वर्षी तिने डोंगराची मोठी शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. लोक तिच्या गळ्यात हार घालत होते आणि मामा मला उंच धरून सांगत होते, "हिने घडवली पोरगी! या डबीने!" खरं तर मी फक्त मोजलं होतं. पण स्तुती कुणाला कडू लागते?

मग ती सकाळ आली. भिंगरी उतारावरून वेगात येत होती. वळणावर कुणीतरी बारीक खडी सांडून ठेवली होती. चाक सरकलं, सायकल एकीकडे गेली आणि भिंगरी दुसरीकडे. मामा मला हातात घेऊनच धावले. धावता धावता मी त्यांच्या हातून सुटले आणि दगडावर आपटले. माझ्या आत काहीतरी किंचित वाकलं. तेवढंसं दुखणं भिंगरीच्या दुखण्यापुढे काहीच नव्हतं. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि गुडघ्याची वाटी तडकली होती. रस्त्यावरच्या कुणीतरी मला उचलून मामांच्या खिशात टाकलं. काच शाबूत होती, त्यामुळे कुणाला काही संशय आला नाही.

पुढचे आठ महिने मी मामांच्या टेबलाच्या खणात पडून होते. माझ्यातलं तेल सुकत गेलं. आपली आठवण कुणाला येते की नाही, एवढाच विचार मी करायची. तुम्हीही कधी असे एकटे पडला असाल, तर मला काय वाटत होतं ते तुम्हाला कळेल.

आठ महिन्यांनी खण उघडला. भिंगरी पुन्हा सायकलवर बसणार होती. मोठ्या शर्यतीला अडीच महिने उरले होते. मामांनी मला शर्टाच्या टोकाने पुसलं, चावी दिली आणि कानाशी धरलं. मी टिकटिक करत होते, तेवढं त्यांना पुरलं. लेथवरचं प्रत्येक हत्यार रोज तपासणाऱ्या माणसाने मला मात्र तपासलं नाही.

पहिल्याच चढाला मला कळलं, की माझं काहीतरी चुकतंय. मी मागे पडत होते. दर मिनिटाला दोन सेकंद. बाहेर एक मिनिट संपायचं आणि माझा काटा अजून अठ्ठावन्नवर असायचा.

भिंगरीची वेळ पहिल्यांदा तेरा मिनिटांवर आली. मग बारा चाळीस, मग बारा तीस. मामांचे पाय जमिनीवर ठरेनात. शर्यतीला अडीच आठवडे असताना मी बारा एकोणीस दाखवले.

"बारा एकोणीस!" मामा ओरडले. "परत आलीस तू! अगं, परत आलीस!"

भिंगरी हँडलवर डोकं टेकून धापा टाकत होती. "मामा, खरंच? मला तर पाय शिशाचे वाटतायत. गुडघा नुसता ठणकतोय."

"पायांचं ऐकू नकोस. आठ महिने लाड झालेत त्यांचे. घड्याळ बघ. घड्याळ खोटं बोलतं का कधी?"

त्याच वेळी मला फुटून जावंसं वाटलं. पण मित्रांनो, आज खरं सांगते, मला तेव्हा थोडं बरंही वाटलं होतं. खणातून निघून मी पुन्हा मुठीत आले होते. पुन्हा माझं नाव निघत होतं. माझी सगळ्यात मोठी लाज हीच आहे.

मी दाखवलेल्या आकड्यावर एकेक गोष्ट रचली जाऊ लागली. गुडघ्याचे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज आहे तोवर चढ नको. तीन आठवडे विश्रांती." मामांनी मला त्यांच्यापुढे धरलं. "ही वेळ बघा, बाई. दुखऱ्या गुडघ्याने येते का ही?" बाईंना ते पटलं नाही.

क्लबातून मोठ्या शर्यतीला सहाजणी जायच्या. पाच ठरल्या होत्या. सहाव्या जागेसाठी दोघी होत्या, भिंगरी आणि पोस्टात खिडकीवर बसणारी एक बाई. त्या बाईंना सगळे पोस्टताई म्हणत. वय चौतीस. या शर्यतीतल्या पहिल्या दहाजणींना मोठ्या शिबिरात घेणार होते आणि तिथे पस्तीस पूर्ण झालेल्या कुणाला प्रवेश नव्हता. म्हणजे पोस्टताईंची ही शेवटचीच संधी. त्यांची ड्यूटी सकाळची, म्हणून त्यांची वेळ वेगळ्या दिवशी क्लबाच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या घड्याळावर घेतली होती. बारा मिनिटं एकतीस सेकंद.

सेक्रेटरींनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. "मामांचं घड्याळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," ते म्हणाले आणि भिंगरीचं नाव लिहून टाकलं.

पोस्टताईंचा चेहरा पडला. तरी त्यांनी पुढे येऊन भिंगरीचा हात हातात घेतला. "बारा सेकंद म्हणजे पुष्कळ झाले गं. जिंकून ये." मग त्या सायकल हातात धरून चालतच घरी गेल्या. भिंगरीची खरी वेळ त्या दिवशी बारा पंचेचाळीस होती. हे मला एकटीलाच माहीत होतं.

माझं बिंग फोडलं ते भिंगरीच्या आईने, तेही बर्फामुळे. डॉक्टरीणबाईंनी रोज संध्याकाळी गुडघ्यावर बरोबर वीस मिनिटं बर्फ ठेवायला सांगितला होता. आई शिवणकाम करायची. एकदा मशीनवर बसली की तिला वेळेचं भान राहायचं नाही, म्हणून शर्यतीच्या आठवड्यात ती भावाचं घड्याळ मागून घेऊ लागली. त्याच वेळी रेडिओवर वीस मिनिटांच्या बातम्या लागायच्या. बातम्या सुरू झाल्या की आई मला दाबायची. बातम्या संपायच्या तेव्हा मी एकोणीस मिनिटं वीस सेकंदांवर असायची.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, "आज बातम्या लवकर आटोपल्या वाटतं." दुसऱ्या दिवशी तिने रेडिओवर थाप मारली. तिसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचं घड्याळ, मनगटावरचं घड्याळ आणि मला एका रांगेत मांडलं, चष्मा लावला आणि वीस मिनिटं सुईला हात लावला नाही.

मामा आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुझं घड्याळ मागे पडतंय. वीस मिनिटांत चाळीस सेकंद."

"काहीतरीच काय! तुझा रेडिओ पुढे असेल."

"रेडिओ पुढे, भिंतीवरचं पुढे, माझ्या हातातलं पुढे आणि तुझं तेवढं बरोबर?"

मामांनी मला स्वतः लावून पाहिलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी कागदावर गणित मांडलं आणि खाली बसले.

तो बुधवार होता. शर्यत रविवारी होती.

मग मामा हळूच म्हणाले, "चारच दिवस उरलेत. यादी गेलीय. शर्यतीत जोर आपोआप येतो कधी कधी. आत्ताच कुणाला सांगायची काही..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माप सांगा म्हणणारा माणूस अंदाजावर आला होता. त्यांची ही अवस्था माझ्यामुळे झाली होती.

भिंगरी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. "मामा, गेले कित्येक दिवस मला वाटत होतं, माझं डोकंच बिघडलंय. पाय रडत होते आणि तू मला आकडा दाखवत होतास. मग मी पायांनाच शिव्या द्यायला लागले." तिने पिशवी खाली ठेवली. "आणि तुझ्या एकट्याचीच चूक नाही. मलाही तो आकडा हवाच होता. म्हणून मीही दुसरं घड्याळ मागितलं नाही."

"मी जातो उद्या पोस्टात," मामा म्हणाले.

"नाही. जागा माझ्या नावावर आहे. मी जाते."

दुसऱ्या दिवशी ती लंगडत पोस्टात गेली. मी तिच्या पिशवीत होते. खिडकीपुढे रांग होती, ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा पोस्टताई शिक्के मारत होत्या.

"पाकीट की रजिस्टर?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ताई, माझी वेळ खोटी होती. मामांचं घड्याळ मागे पडतं. मी तुमच्यापेक्षा चौदा सेकंदांनी हळू आहे. जागा तुमची आहे."

पोस्टताईंचा शिक्का हवेतच राहिला. मागून एक आजोबा म्हणाले, "अहो, लाइन थांबलीय. घरच्या गप्पा घरी मारा."

"कधी कळलं?" पोस्टताईंनी विचारलं.

"काल संध्याकाळी."

"आणि शर्यत रविवारी." त्यांचा आवाज एकदम चढला. "पंधरा दिवस झाले, मी सायकलला हात लावलेला नाही! रजा रद्द केली. दुसरीची ड्यूटी अंगावर घेतली. का, तर घरी बसून शर्यतीचा विचार करायला नको म्हणून. आणि आता येऊन सांगतेस, जागा माझी?"

भिंगरीने मला पिशवीतून काढून खिडकीवर ठेवलं. पोस्टताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेपेक्षा मला दगडावरचं पडणं सोसलं असतं.

शेवटी त्या उठल्या. "साहेबांकडे चल. रजेचं तू बोलायचंस. मला रडू येईल."

रजा मिळाली. मामांनी क्लबात सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक सांगितली. त्यांची नजर वर उठत नव्हती. सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या हो, यंत्र आहे, बिघडायचंच." मामा म्हणाले, "यंत्र बिघडलं, पण तपासायचं काम माझं होतं."

सेक्रेटरींनी यादीतलं नाव बदलून घेतलं आणि रविवारी पोस्टताई शर्यतीत उतरल्या. भिंगरी अर्ध्या चढावर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती आणि घसा फाटेपर्यंत ओरडत होती. पोस्टताईंनी जीव ओतला. पण पंधरा दिवस बसलेले पाय शेवटच्या चढाला जड पडले. त्या अकराव्या आल्या. दहावी आलेली आणि त्या यांच्यात चार सेकंदांचं अंतर होतं.

मित्रांनो, हे चार सेकंद मी कुणालाही परत देऊ शकत नाही. त्यांचे पंधरा दिवस वाया गेले नसते, तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. पण हा प्रश्न मला सुटत नाही.

सोमवारी मामा मला घड्याळजींकडे घेऊन गेले. त्यांनी मला उघडलं आणि भिंग लावून पाहिलं. "पडलंय जोरात. वेळ राखणाऱ्या तोलचाकाचं टोक वाकलंय, तेल तर दगड झालंय. तेव्हाच आणलं असतंत तर अर्ध्या तासाचं काम होतं." आठ दिवसांत मी पुन्हा बरोबर चालू लागले. भिंगरीने डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले विश्रांतीचे तीन आठवडे पाळले, आणि वर आणखी पाच. मग ती टाकीचा चढ चढली तेव्हा मी तेरा मिनिटं पाच सेकंद दाखवले. तिने तो आकडा दोनदा वाचला, सायकल वळवली आणि पुन्हा खाली निघाली. पुढच्या वर्षी मोठ्या शर्यतीत ती सहावी आली. पहिली ती त्यानंतर कधी आली नाही.

पोस्टताई अजून रविवारी टाकीवर येतात. भिंगरीशी हसून बोलतात, मामांना नमस्कार करतात. मामा दर वेळी विचारतात, "वेळ घेऊ का तुमची?" त्या म्हणतात, "नको, राहू द्या," आणि मनगटावरच्या आपल्या घड्याळात बघतात. त्यांचं काही चुकत नाही.

म्हणून तुमच्याकडे हात जोडून एवढंच मागणं आहे. तुमच्या हातून एखादी वस्तू पडली, तर काच फुटली नाही यावर समाधान मानू नका. तिला तपासून घ्या, तिचं तेलपाणी करा, खणात टाकून विसरू नका. एखादं माणूस दुखतंय म्हणालं, तर आकड्याच्या आधी त्या माणसावर विश्वास ठेवा. आणि कधी तुमची खोटी स्तुती होत असेल, तुमच्या वाट्याला दुसऱ्याचं काही येत असेल आणि ते फक्त तुम्हालाच माहीत असेल, तर त्याच दिवशी सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.