नाकासमोर चालणारी गिरकी

मी एक जुनी सौर गाडी आहे. जुनी म्हणजे वयाने फार नाही. पण जिच्याकडे घरातलं कुणी ढुंकूनही बघत नाही, ती जुनीच म्हणायची. पाहुणे आले की माझी धूळ झटकतात, तेवढंच.

मित्रांनो, मला एका मुलीने घडवलं. शाळेत प्रदर्शन होतं आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काहीतरी करून न्यायचं होतं. हिच्या हातून काही धड होत नाही, असं घरात सगळे येता-जाता म्हणत. या वेळी तिला ते खोटं करून दाखवायचं होतं, म्हणून तिने कुणालाच विचारलं नाही. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. बाटल्यांच्या झाकणांची चाकं केली. मोडक्या खेळण्यातली मोटर काढली, तिच्यापासून चाकापर्यंत केसांचा रबर ताणला आणि अंगणातल्या बंद पडलेल्या दिव्याची सौर पट्टी माझ्या पाठीवर चिकटवली. डिंक तिच्या बोटांना लागला, फ्रॉकला लागला, मांजरालाही लागला. थोडासा मला लागला.

मग तिने मला गच्चीवर उन्हात ठेवलं. मी थरथरले आणि चालू लागले! पण एक झाकण होतं औषधाच्या बाटलीचं, जरा लहान. त्यामुळे मी सरळ जाईना, गोल गोलच फिरू लागले. ती खुदकन हसली आणि हात पसरून माझ्याबरोबर फिरली. ‘आई, माझी गिरकी बघ,’ म्हणत खाली पळाली. माझं नाव पडलं ते असं.

वर आले ते मात्र बाबा. माणूस वाईट नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

‘अगं, ही जागच्या जागी फिरतेय. लोक हसतील. आण इकडे, दोन मिनिटांत सरळ करतो.’

‘बाबा, ती अशीच आहे.’

‘अशीच कशी? तू नुसती कात्री धर.’

त्या दोन मिनिटांची संध्याकाळ झाली. झाकणं गेली, दुकानातली चाकं आली. रबर गेला, दातेरी चक्रं आली. मोटर नवी, पट्टी नवी. पाठीवर तिने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं ‘गिरकी’ बाबांनी खोडलं आणि फूटपट्टीने रेघ आखून पुन्हा लिहिलं. ती कधी उठून गेली, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

प्रदर्शनात मी नाकासमोर चालले. पहिला नंबर आला. बाईंनी तिला प्रेमाने विचारलं, ‘चाक कशामुळे फिरतं गं? सांग बरं.’ रबर असता तर तिने झोपेतही सांगितलं असतं. तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी सगळं सांगितलं, आणि छान सांगितलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात त्यांनीच वाजवल्या.

तेव्हापासून मी बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात आहे. इथे ऊन येत नाही. उन्हावर चालणाऱ्या गाडीचा याहून मोठा सत्कार कोणता?

मित्रांनो, तुमच्या हातचं काही वाकडं चाललं, तर चालू द्या. कुणी कितीही मायेने हात पुढे केला, तरी ते देऊ नका. माझं ऐका, सरळ झाल्यावर काय होतं ते मी रोज बघते.

यंदा पुन्हा प्रदर्शन आहे. परवा आईने माझ्यासमोरच तिला विचारलं, ‘मग, या वर्षी काय करणार आहेस?’

‘बाबांना विचार,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर मला थोडी आशा वाटली असती.