चिकाची पुडी

शांताने पुडी कात्रीने कापली, पावडर उकळत्या पाण्यात सोडली आणि वर झाकण ठेवलं. चांगली पाच मिनिटं. सून अनुजा कामाला जाताना सांगून गेली होती, ही इस्पितळातून दिलीय, गाईच्या चिकातून काढलेली आहे, जुलाबाच्या विषाणूंना पोटातच धरते. आता चीक म्हटल्यावर शांताला कोणी काय शिकवायचं? कच्चा चीक कोणी तान्ह्या पोराच्या तोंडात घालतं का? खरवस काय उगाच वाफवतात? तीन दिवसांत नऊ पुड्या तिने अशाच शिजवून, निववून, चमच्याचमच्याने नातीला पाजल्या.

चौथ्या दिवशी सकाळी सात महिन्यांची स्पृहा रडायचीसुद्धा थांबली. सासू-सुनेने तिला टॅक्सीत घालून लालबागहून परळच्या इस्पितळात आणलं.

सलाईनला शीर सापडेना. चौथ्यांदा सुई टोचली तरी पोर हूं की चूं करीना. शांताच्या मनात आलं, टोचायचंच तर मला टोचा ना, मेली मी कशाला उरलेय!

"पुड्या कशात दिल्यात?" प्रीती डॉक्टरांनी विचारलं. "गरम पाण्यात नाही ना? उष्णतेने त्यातल्या अँटिबॉडी निकामी होतात. मग नुसती भुकटी उरते."

अनुजाने सासूकडे पाहिलं.

"गार पाण्यात," शांता म्हणाली.

"मग हिला लागू पडलं नाही. काही बाळांना नाही पडत." डॉक्टरांनी तसं कागदावर लिहिलं. "फार उशीर केलात हो. आजचा दिवस जाऊ दे, मग बघू." आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

शेजारच्या खाटेवर माया नावाची पोरगी मांडीवर मुलगा घेऊन बसली होती. तिच्या हातात तशीच पुडी होती, न फोडलेली. तिने सगळं ऐकलं होतं.

"आजी, खरं सांगा हं. एवढ्या पुड्या दिल्यात, काडीचा तरी फरक पडला का? नाहीतर कशाला पाजू मी ह्याला?"

शांताने स्पृहाचं गार पाऊल मुठीत धरलं होतं. मायाने पुडी उशीखाली सरकवली.

"पाज गो बाय," शांता म्हणाली. "उकळून गार केलेल्या पाण्यात पाज. मी शिजवली होती. सगळ्या शिजवल्या."

मायाने पुडी उशीखालून परत बाहेर काढली. अनुजाने शांताची बोटं एकेक करून उघडली आणि लेकीचं पाऊल सोडवून घेतलं.